कोरी जाळी

"थांब. कोरी काय म्हणते?"

हे विचारताना ती उजव्या हाताची दोन बोटं चिमट्यासारखी जुळवून हवेत धरायची. बोटांत काहीच नसायचं. पण असं वाटायचं की काहीतरी पातळ, चौकोनी धरलंय आणि जरा हात हलला तर ते खाली पडेल. समोरचा कितीही तावात असो, त्या बोटांकडे बघून त्याचा आवाज खाली यायचा. माझाही यायचा. आणि माझा आवाज सहसा खाली येत नाही, कुलसचिवांच्या दारावरच्या शिपायाला विचारा.

आमची ओळख फाटकावर झाली. मी पत्रक वाटत होतो. वर जाड अक्षरात ओळ होती : 'आमच्या लढ्याला यश! ग्रंथालय सुट्टीतही उघडं!' लोक पत्रक घेतात, घडी करतात, पुढच्या कचराकुंडीपर्यंत नेतात. तुम्हीही नेलं असेल, मला राग नाही. ही बाई मात्र पत्रक घेऊन तिथंच उभी राहिली आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचून माझ्याकडे परत आली.

"परीक्षा जवळ आल्या की ग्रंथालय दरवर्षीच उघडं ठेवतात ना?"

"हो, पण या वर्षी आम्ही..."

"तुम्ही ओरडला नसता तर बंद राहिलं असतं का? कोरी काय म्हणते?"

"कोण कोरी?" मी विचारलं. मला ते कोणाचं तरी आडनाव वाटलं.

ती हसली नाही. "प्रयोगशाळेत ये, दाखवते," म्हणाली आणि निघून गेली. ती गेल्यावर माझ्या शेजारचा कार्यकर्ता नाक धरून म्हणाला, "सडक्या अंड्याचा वास कुठून येतोय?"

तो वास तिचा होता. लपवण्यात अर्थ नाही, तिला ओळखणारे सगळे आधी तिच्या वासानंच तिला ओळखत. रसायनशास्त्रात ती पीएच.डी. करत होती आणि तिचा विषय होता सल्फाइड. निकेल आणि कोबाल्ट या धातूंचं सल्फाइड तयार करायचं, त्यापासून सुपरकपॅसिटरचे, म्हणजे वीज झटकन भरून घेणाऱ्या आणि झटकन देणाऱ्या उपकरणाचे, इलेक्ट्रोड बनवायचे. गंधकाचा वास ओढणीत मुरतो, केसांत मुरतो, डब्यातल्या पोळीतही मुरतो म्हणे. विश्रांतवाडीत ती दोन नोकरदार मुलींबरोबर खोली करून राहायची. त्या मुलींनी तिची चप्पल आणि पिशवी दाराबाहेर ठेवायचा नियम केला होता. "मला आत घेतात हे काय कमी आहे?" ती म्हणायची. "आणि बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. पुण्यात एवढं सुख कोणाला आहे, सांग."

ती मूळची यवतमाळकडची. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर वडिलांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं : ट्रॅक्टरच्या, जीपच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, पाणी घालायचं, प्लेटा बदलायच्या. लहानपणी ती त्या दुकानातच अभ्यास करायची. पुण्यात येऊन तिची भाषा इथल्यासारखी झाली होती, पण चिडली किंवा गहिवरली की 'मला'चं 'मले' व्हायचं. तेवढ्यावरून आम्हाला हवामान कळायचं.

मी तिला ताई म्हणायचो. ती मला पत्रक्या म्हणायची.

प्रयोगशाळेत मी गेलो. मला रसायनशास्त्र येत नाही, मी राज्यशास्त्राचा. तिनं एका डबीतून करड्या रंगाचा चौकोनी तुकडा चिमट्यानं काढला. भांडी घासायच्या स्पंजासारखा, पण धातूचा. "ही निकेलची जाळी. अजून काही न केलेली, म्हणजे कोरी," ती म्हणाली. मग शेजारच्या डबीतून दुसरा तुकडा काढला, काजळासारखा काळा. "ही पिकलेली. हिच्यावर मी सल्फाइड उगवलंय."

उगवायचं कसं? जाळी, क्षारांचं पाणी आणि गंधक पोलादी भांड्यात बंद करून भट्टीत ठेवायचं. ते भांडं म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. प्रयोगशाळेत सगळे त्याला बॉम्ब म्हणत. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं काढलेला फोटो मला दाखवला. काळ्या तुकड्यावर सुयांचं रान उभं होतं, माळावरच्या कुसळी गवतासारखं. केसाहून कितीतरी बारीक सुया, आणि त्या सुयांच्या अंगावर वीज साठायची. "पीक बरं आलंय यंदा," ती म्हणाली. शेतकऱ्याच्या नव्हे, बॅटरीवाल्याच्या मुलीनं.

"पण बॅटरी असताना हे कशाला?" मी विचारलं.

"बॅटरी म्हणजे जेवण. सावकाश चढतं, सावकाश उतरतं. हे म्हणजे पाणी. घटाघटा प्यायचं, घटाघटा ओतायचं. बस थांब्यावर उभी राहते ना, माणसं चढेपर्यंत? तेवढ्यात ती भरून घेईल आणि पुढचा थांबा गाठेल. धूर नाही, काही नाही." तिनं काळा तुकडा उजेडात धरला. "मले अशा बसमध्ये बसायचंय. वास आला तर लोक म्हणतील, इंजिनाचा आहे."

बुधवार पेठेत एकदा तिच्याबरोबर गेलो होतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. तिला वायर आणि दातेरी चिमटे हवे होते. दुकानदारानं चिमटे पुड्यात बांधत विचारलं, "करता काय आपण याचं?"

"सुपरकपॅसिटर बनवते."

"असं का," तो म्हणाला, "आमच्याकडे तयार मिळतो. तो चालतोही."

मी भांडायच्या तयारीत होतो. ती मात्र तिथंच, फूटपाथवर, पोट धरून हसली. घरी जाईपर्यंत आठवून हसत होती. "पत्रक्या, हेच माझ्या प्रबंधाचं परीक्षण. दोन वाक्यांत!"

आता कोरीचं काय ते सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं.

जाळीवर जे सल्फाइड उगवलं, त्यानं किती वीज साठवली हे मोजतात. पण जाळी स्वतःही निकेलची. गंधक काही फक्त पाण्यातल्या धातूला धरत नाही, जाळीलाही धरतं. मग त्या साठ्यात जाळीचा वाटा किती? म्हणून एक कोरी जाळीही, क्षार न घालता, त्याच भट्टीतून काढायची, तिला मोजायची आणि तिचा वाटा वजा करायचा. उरेल ते आपलं. एवढं साधं आहे. मला कळलं म्हणजे साधंच असणार.

ही सवय तिला प्रयोगशाळेबाहेरही लागली होती. आमच्या सभेला गर्दी झाली म्हणून मी फुशारलो तर म्हणाली, "पंख्याखाली बसायला आलेले वजा कर." एका मैत्रिणीचा नवरा सुधारला असं कळलं, तर हिची बोटं हवेत : "सासू गावाला गेलीये ना सध्या? ती परत आल्यावर मोज." लोक वैतागायचे. मीही वैतागायचो. पण पत्रक छापायला देण्याआधी तिला दाखवल्याशिवाय चैन पडायचं नाही.

"हे वाक्य माझं नाही," तिनं एकदा सांगितलं. "सरांचं आहे. एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला आले, फळ्यावर काही लिहिलं नाही, हातात कोरी जाळी धरली आणि म्हणाले, हिला विचारल्याशिवाय कोणाला काही सांगत जाऊ नका. मी त्या तासाला ठरवलं, पीएच.डी. यांच्याकडेच करायची."

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. जुन्या पुण्यातले, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, आवाज कधीही चढत नाही, वाक्य मात्र लागायचं तिथं लागतं. प्रयोगशाळेतला विषारी वायू बाहेर ओढणारा पंखा बंद पडला तेव्हा त्यांनी त्यावर चिठ्ठी लावली होती : 'पंख्याची तक्रार पंख्याजवळ करू नये. त्यास ऐकू येत नाही.' पंखा बंद तो बंदच राहिला. मी त्यावर पत्रक काढलं, 'विषारी हवेत संशोधन!' सरांनी ते पत्रकही चिठ्ठीशेजारी नीट चिकटवलं. माणूस म्हणून ते मला आवडत नव्हते असं नाही. तोच तर त्रास आहे.

तिचा पहिला लेख आला तेव्हा सरांनी सगळ्यांना स्वतः चहा दिला होता. परदेशी नियतकालिकात छापून आला. आकडे डोळे दिपवणारे होते. प्रबंधाचा पाया तोच लेख. त्या लेखातलं वजन तिनंच केलं होतं, सगळे करतात तसं : जाळी भट्टीत घालण्याआधी तोलायची, नंतर तोलायची, वाढलं तेवढं सल्फाइड. नवखी होती. कोरी मोजायची राहिली, आणि ज्यांनी शिकवलं होतं त्यांनीही विचारलं नाही.

मग एका दुपारी ती भट्टीसमोर उभी असताना भावाच्या लग्नाचा फोन आला. हॉल कुठला, जेवणात काय, अशी लांबण लागली. फोन कानाशी धरून तिनं बॉम्ब भरला, झाकण आवळलं, भट्टीत ठेवला. निकेल आणि कोबाल्टचे क्षार मात्र टेबलावरच राहिले. जाळी, साधं पाणी आणि गंधक एवढंच आत गेलं.

दुसऱ्या दिवशी ते लक्षात आलं. टाकून द्यायचा तुकडा, पण काळा झाला होता, म्हणून तिनं सहज तो मोजला.

मी तिला उपाहारगृहाच्या पायरीवर भेटलो. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"पत्रक्या, भाजीत मीठ घालायला विसरले," ती म्हणाली, "आणि भाजी खारटच लागली."

मला आधी कळलं नाही. तिनं समजावलं. ज्या साठ्याचं श्रेय तिनं आपल्या सुयांना दिलं होतं, त्यातला मोठा वाटा मुळात जाळीचा होता. गंधकानं जाळीचं निकेलच सल्फाइड करून टाकलं होतं. वाढलेल्या वजनात फक्त गंधक दिसत होतं, काम करणारं निकेल दिसत नव्हतं. साठ्याला वजनानं भागून आकडा काढतात, आणि थोड्या वजनानं भागलं की तो फुगतो. लेखातले डोळे दिपवणारे आकडे हे असे फुगलेले होते.

"काहीच नव्हतं का मग तुझं?"

"होतं ना. वजा करून उरतंय थोडं. पण खरं आहे ते." बोटं हवेत गेली नाहीत. हात मांडीवर पडून होते. "मले आधी दिसलं कसं नाही?"

तिनं तो प्रयोग पुन्हा केला, पुन्हा पुन्हा केला. कोरी जाळी दर वेळी तेच सांगत होती. मग ती सरांकडे गेली. मी बाहेर बाकावर होतो, दार उघडंच होतं.

"सर, नुसती जाळीच एवढं देते."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत अजून."

"मग आपला पहिला लेख..."

"अहो, जगात सगळे असंच वजन करतात. आपण इथं रसायनशास्त्र करायला आलात की प्रायश्चित्त घ्यायला?"

"दुरुस्ती पाठवू या, सर."

"पाठवा की. आणि याच पद्धतीवर ज्यांना माझ्या हाताखाली पदव्या मिळाल्या, त्यांना काय पाठवणार? शुभेच्छापत्र?"

मग सर हळू आवाजात म्हणाले, "जुनं प्रकरण आहे तसं घाला. प्रबंध आणा, उद्या सही करतो. मग आयुष्यभर कोऱ्या जाळ्या मोजत बसा, कोण अडवतंय?"

"मले नाही जमणार, सर," ती म्हणाली. 'मले' म्हणाली. मी बाकावरून उठलो.

नीट समजून घ्या, कारण यात तिचा सगळा डाव होता. दुरुस्ती पाठवायची तर सगळ्या लेखकांची संमती लागते, म्हणजे सरांची सही. नवं प्रकरण प्रबंधात घालायचं तर मार्गदर्शकाची सही. आणि नोंदणीची मुदत संपत आली होती. वाढीव मुदतही तिनं आधीच घेतली होती. जुना, फुगलेला आकडा ठेवला तर ती डॉक्टर. खरा ठेवला तर सरांची सही नाही आणि सही नाही तर काहीच नाही.

मी काय करणार? पत्रक लिहिलं. शीर्षकच असं होतं की सरांचे कान तापले असते. ते घेऊन विश्रांतवाडीला गेलो. ती दाराबाहेर, चपलांशेजारी बसून वाचत होती. वाचून झालं आणि बोटं हवेत गेली.

"यात माझी चूक कुठं लिहिलीस?"

"तुझी कसली चूक? त्यांनी..."

"वजन मी केलं. कोरी मी विसरले. त्यांनी नंतर झाकलं, ते त्यांचं. पण आधी माझं. माझं वजा न करता त्यांचा आकडा छापायला निघालास होय रे?"

"ताई, ही लढाई आहे. यात एवढं बघत बसलं तर..."

"मग ते पत्रक माझ्यावर नको काढू," ती म्हणाली आणि पत्रकाची घडी करून माझ्या खिशात घातली. "मी काही तुमच्या मोर्चातला फलक नाही, बाप्पा."

मी चिडलो. आजही चिडलेलो आहे. पण ते पत्रक निघालं नाही.

त्याच दिवसांत भावाच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. निमंत्रकांत वडिलांनी तिच्या नावामागे 'डॉ.' घातलं होतं. तिच्या वाट्याचा गठ्ठा घेऊन ती माझ्याकडे आली. "तुझा छपाईशी संबंध. छापलेलं खोडायला काय लागतं?" मी म्हटलं, खोडलेलं वाईट दिसतं, पांढरी पट्टी चिकटवावी लागते. आम्ही कात्री घेऊन बसलो आणि प्रत्येक पत्रिकेवर नखाएवढी पट्टी चिकटवली. तिचं बोट पट्टीवरून फिरायचं, मग ती उजेडात धरून बघायची, खालचं दिसत नाही ना. मी विनोद केला, "कोरी झाली आता." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा मी कधी तो शब्द विनोदाला वापरला नाही.

लग्नाहून परतल्यावर तिनं सांगितलं, वडिलांनी ओल्या फडक्यानं एकूणएक पट्ट्या काढल्या आणि मगच पत्रिका वाटल्या. "म्हणाले, होणारच हायस ना, मंग?" ती हसत सांगत होती. मी हसलो नाही.

मुदत संपली. कोणी तिला हाकललं नाही, कोणी ओरडलं नाही. फक्त नोंदणी रद्द झाल्याची सूचना आली. लोकांना अन्याय म्हटलं की लाठी दिसते. मी सांगतो, बहुतेक अन्यायाला आवाजच नसतो. तिनं आपलं टेबल पुसलं, भांडी धुऊन पालथी घातली. कोरी जाळीची डबी मात्र तिच्या मागून येणाऱ्या मुलांच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. सरांच्या खोलीचं दार त्या दिवशी बंद होतं.

मग लोणी काळभोर. तिथल्या एका महाविद्यालयात ती घड्याळी तासिकांवर शिकवायला लागली. विश्रांतवाडीहून बस बदलत जायची. मी एकदा तिच्या वर्गाबाहेर उभा राहून ऐकलं. गावाकडची मुलं, धीट. एकजण म्हणाला, "मॅडम, नवीन खतानं ऊस लय वाढलाय आमचा."

"शेजारच्या सऱ्यांत खत न घालता ठेवला होतास का थोडा?"

"न्हाई बा. वडील मारतील की."

"मग खतानं वाढला की पाण्यानं, कसं सांगतोस?"

"मॅडम, वाढलाय ना? मंग झालं की!" सगळा वर्ग हसला. तीही हसली. मला वाटलं, सावरली. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "ते काम अर्धं राहिलंय रे. चुकीचं छापलेलं तसंच आहे तिकडं. कोणीतरी माझा आकडा खरा धरून पुढं काम करत असेल. त्याचं आयुष्य जाईल त्यात." पदवीबद्दल एक शब्द नाही. तिला पदवी नको होती असं समजू नका. हवी होती. पण दुखत होतं ते हे.

त्या पावसाळ्यात तिला ताप आला. तासिकेवरच्या शिक्षकाला आजारी पडायची सोय नसते, हे मी पत्रकांत किती वेळा लिहिलं असेल. तास घेतला नाही तर तास बुडतो, आणि फार बुडाले तर पुढच्या सत्रात बोलावत नाहीत. ती गोळी घेऊन तास घेत राहिली. वर्गात चक्कर येऊन पडली तेव्हा त्याच मुलांनी तिला दवाखान्यात नेलं. डेंगी होता. उशीर झाला होता.

यापुढे मला तिथलं काही लिहायचं नाही.

क्रियाकर्म गावी झालं. काही आठवड्यांनी वडील पुण्याला आले, तिचं सामान न्यायला. उंच, वाकलेले, पँटवर ॲसिडनं पडलेली बारीक भोकं. खोलीतलं सामान एका पिशवीत मावलं. मग म्हणाले, "पोरगी काम करे ते जागा दाखवता काय?"

मी त्यांना विभागात नेलं. सर प्रयोगशाळेतच होते. मी ओळख करून दिली. सर उभे राहिले, खुर्ची पुढे केली. वडील बसले नाहीत. त्यांनी टेबलं पाहिली, भट्टी पाहिली, पालथी भांडी पाहिली. मग हात जोडून विचारलं,

"साहेब, माही पोरगी डॉक्टर झाली होती काय?"

मी सरांकडे पाहिलं. जन्मात मी कोणाला खोटं बोल म्हणून सांगितलं नाही. तेव्हा डोळ्यांनी विनवत होतो, म्हणा हो. एक शब्द. तालुक्याच्या त्या गावात कोण तपासायला जाणार आहे?

"नाही," सर म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त मधेमधे थांबत होता. "तिच्या पहिल्या कामात एक चूक होती. तिलाच सापडली. तिनं ती मान्य केली. तीच चूक माझ्याही कामात होती. मी नाही मान्य केली. मी सही केली नाही, म्हणून ती डॉक्टर झाली नाही."

वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पोरगी नापास नाही झाली."

"नाही. ती नापास नाही झाली."

"मंग करा ना सही आता."

"आता पदवी मिळणार नाही हो. नियमानं..."

"पदवीचं नाही म्हनत मी," वडील म्हणाले. रागावलेले नव्हते. गिऱ्हाइकाला बॅटरी परत आणायला सांगावं तसं बोलत होते. "काम अर्धं ठेवून गेली ते. चूक तशीच राहिली ना तिकडं? थे दुरुस्त करा. माही पोरगी तशी ठेवत नव्हती."

सर खुर्चीत बसले. वडिलांसाठी पुढे केलेल्या खुर्चीत. तिनं पाठवायला म्हणून लिहून ठेवलेली दुरुस्ती सरांकडेच होती. तिच्यात एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

ती छापून आली. पानभरसुद्धा नाही. पहिल्या लेखातले आकडे जाळीचा वाटा वजा न केल्यानं चुकीचे होते, खरे हे, एवढंच. सरांच्या इतर विद्यार्थ्यांच्या लेखांचं काय झालं, ते मी विचारतो आहे आणि विचारत राहणार आहे. पण हे पान मी फोनवरून तिच्या वडिलांना पाठवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पोरीचं नाव तेवढं ओळखता येतं. थोड्या वेळानं त्यांचा फोन आला.

"पोरीचं नाव पयलं हाय."

"हो बाबा."

"नावाच्या डोक्यावर बारीक खिळ्यावानी खूण हाय. बाकीच्यायच्या नावाले नाही. बक्षीस भेटलं काय तिले?"

"नाही बाबा. लेख छापून येण्याआधी माणूस गेलेलं असलं की तशी खूण करतात. खाली लिहिलंय तसं."

मागे दुकानात कोणीतरी बॅटरीसाठी हाका मारत होतं. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं नाही, फोनही ठेवला नाही.

"मंग बराबर हाय," ते म्हणाले.